हातांसाठी एक कपाट: मराठवाड्यातील ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सदस्य,
सार्वजनिक ग्रंथालयांची कार्यकारी मंडळे,
छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, लातूर व धाराशिव जिल्हे.

विषय: ग्रंथालयात स्वावलंबन आणि आपत्तीपूर्व तयारीसाठी पुस्तके, हत्यारे व गावाची वही ठेवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून विज्ञान आणि कार्यानुभव हे विषय एकतीस वर्षे शिकवून मी निवृत्त झाले आहे, आणि गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाची मी आजीव सभासद आहे. जे मागायचे आहे ते माझ्या एका गावापुरते नाही, म्हणून हे पत्र आठही जिल्ह्यांतील आपणा सर्वांना उघडपणे लिहीत आहे. मागणी अशी की, आपल्या प्रत्येक ग्रंथालयात एक कपाट हाताने करायच्या कामांसाठी राखून ठेवावे. त्यात पाणी, घर, बियाणे, वीज, प्रथमोपचार आणि दुरुस्ती यांविषयीची मराठी, सचित्र पुस्तके व पुस्तिका असाव्यात, खालच्या कप्प्यात उसनी देता येतील अशी चांगली हत्यारे असावीत, आणि त्याच कपाटात गावाने स्वतः लिहिलेली एक वही असावी.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हा आमच्या गावाचा रस्ता तीन दिवस पाण्याखाली होता. पहिल्याच रात्री वीज गेली आणि नळयोजनेची ओढ्याकाठची विहीर मोटारीसकट बुडाली. चहूकडे पाणी होते आणि पिण्याला मात्र नव्हते. जुन्या शाळेजवळ एक हातपंप आहे, पण त्याचे हँडल हलके फिरत होते आणि पाणी येत नव्हते. तो बिघडलेला आहे, त्याला तालुक्याचे पथकच लागते, असे सगळ्यांनी धरून चालले. दोन दिवस बायकांनी छपराच्या पन्हाळीखाली भांडी लावून आणि ओढ्याचे गढूळ पाणी फडक्यातून गाळून दिवस काढले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ग्रंथालयाची किल्ली मागून घेतली आणि हातपंपाच्या आतली रचना दाखवणारे एखादे चित्र तरी मिळेल म्हणून चारही कपाटे धुंडाळली. कादंबऱ्या होत्या, संतवाङ्मय होते, चरित्रे होती, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके तर भिंतभर होती. गावाला त्या दिवशी ज्याची गरज होती असे पान मात्र एकही नव्हते.

शेवटी उत्तर मिळाले ते एका आजोबांकडून. ते पूर्वी हातपंप दुरुस्तीच्या पथकात मदतनीस होते आणि आता खाटेवरून उठू शकत नाहीत. त्यांनी विचारले, "हँडल हलकं फिरतंय का जड?" हलके म्हटल्यावर ते म्हणाले, "मग पंपाच्या डोक्याचं पुढचं झाकण उघडा, साखळी बघा." पुढच्या झाकणाला एकच बोल्ट असतो. आयटीआयला शिकणाऱ्या एका मुलाने तो एकोणीसच्या पान्याने उघडला. हँडलला साखळी जोडणारा बोल्ट तुटून साखळी सळईसकट खाली बसली होती. दोघांनी पकडीने सळई वर उचलून धरली, ट्रॅक्टरच्या डब्यातला त्याच मापाचा बोल्ट बसला, साखळीला ग्रीस लावले आणि अर्ध्या तासात पाणी आले. हँडल हलके फिरणे म्हणजे बहुधा वरची साखळी किंवा सळई सुटणे, आणि हँडलला जोर लागूनही पाणी कमी येणे म्हणजे बहुधा खालचे वॉशर झिजणे, एवढी दोन वाक्ये कुठे तरी लिहिलेली असती तर ते दोन दिवस गेले नसते. त्या दोन दिवसांत गावातली सहा लेकरे जुलाबाने आजारी पडली.

हे मनाला अधिक लागते, कारण हा हातपंप आपल्याच मातीतला आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मराठवाड्यात खोल विंधन विहिरी घेतल्या जाऊ लागल्या. परदेशी धर्तीचे, बिडाचे, एका कुटुंबाच्या वापरासाठी केलेले पंप गावाच्या दिवसभराच्या वापराखाली मोडून पडत होते, तेव्हा जालन्याच्या ख्रिस्ती मिशनच्या पाणी प्रकल्पात पोलादी हँडलचा मजबूत पंप तयार झाला. पुढे सोलापूरला त्यात सुधारणा झाल्या आणि सोलापूरच्या त्या पंपावरून युनिसेफच्या मदतीने १९७० च्या दशकात इंडिया मार्क टू घडला, जो पुढे आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत बसवला गेला. जालन्याच्या कारखान्यात घडलेली कल्पना जगभर गेली आणि जालन्यापासून दीड-दोनशे किलोमीटरवरच्या गावाला त्या पंपाचे झाकण उघडते हे ठाऊक नव्हते.

पाणी आल्यावर दुसरा प्रश्न पडला तो विहिरीच्या शुद्धीकरणाचा. ग्रामपंचायतीत टीसीएल पावडरचे, म्हणजे पाणी शुद्ध करण्याच्या ब्लिचिंग पावडरचे, पोते होते, पण किती टाकायची हे नक्की कोणाला सांगता येईना. एक जण म्हणाला मूठभर, दुसरा म्हणाला अर्धे पोते. खरे तर हे गणित सातवी-आठवीच्या मुलाला येते. विहिरीचा व्यास सहा मीटर असेल तर त्रिज्या तीन मीटर, पाण्याची खोली तीन मीटर, म्हणजे ३.१४ गुणिले ९ गुणिले ३, सुमारे ८५ घनमीटर, अर्थात ८५ हजार लिटर पाणी. हजार लिटरला पाच ग्रॅम चांगली पावडर या हिशेबाने सव्वाचारशे ग्रॅम. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवून, चुन्याचा गाळ खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडायचे, पोहऱ्याने ढवळायचे आणि निदान अर्धा ते एक तास थांबायचे. मग पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे दाखवणारे ओटी टेस्टचे थेंब टाकून पाणी पिवळे होते का ते पाहायचे. पुराच्या गढूळ पाण्यात किंवा पोते फार दिवस उघडे राहिले असेल तर पावडर कमी पडते, म्हणूनच ही चाचणी सोडून चालत नाही. पाणी फारच गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून ते निवळू द्यावे. हे मी मुलांना वर्गात शिकवले होते, आणि तरीही त्या दिवशी मला स्वतःला पाच ग्रॅमचा आकडा आठवायला वेळ लागला, कारण अंगावर आलेल्या प्रसंगात स्मरणशक्तीचा भरवसा धरता येत नाही. छापलेला कागद तेव्हाही तोच आकडा सांगतो.

आजारी लेकरांच्या बाबतीतही तेच घडले. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढ्यावर जुलाब झालेल्या मुलाला दवाखाना गाठेपर्यंत सांभाळता येते. पण "सपाट" हा शब्द विसरला आणि मीठ शीग लावून घातले तर ते पाणी अपाय करते. एका घरी तसे होता होता राहिले, गावच्या आशा स्वयंसेविका वेळेवर पोहोचल्या म्हणून. अशा वेळी चमच्याचे चित्र उपयोगी पडते. डेव्हिड वर्नर यांनी मेक्सिकोतील डोंगराळ खेड्यांसाठी १९७० च्या दशकात लिहिलेले आरोग्याचे पुस्तक अनेक भाषांत पोहोचले, त्याचे मोठे कारण त्यातली साधी रेखाचित्रे होती, असे मला शिक्षक म्हणून वाटते.

चित्रांच्या पुस्तिकेवर माझा एवढा विश्वास का, हे सांगण्यासाठी मला वडिलांविषयी लिहावे लागेल. ते गवंडी होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा मला नोकरीला लागून काही महिनेच झाले होते. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. भूकंपाचा धक्का मोठा होता हे खरे, पण माणसे मेली ती घरांखाली. जाडजूड दगडी भिंती, मातीत रचलेल्या, आतली आणि बाहेरची फळी वेगवेगळी, मधे कपच्या आणि मातीची भर, आणि वर माळवदावर वर्षानुवर्षे टाकत गेलेली एक-दोन फूट माती. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच माती त्या पहाटे छातीवर आली. वडिलांनी स्वतः अशी कितीतरी घरे बांधली होती. पुढे अनेक महिने ते कोणाशी धड बोलत नव्हते.

मग दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कामासाठी गवंड्यांचे प्रशिक्षण झाले आणि तिथे त्यांना एक पातळ पुस्तिका मिळाली. वडील दुसरीपर्यंत शिकलेले. अक्षर लावून वाचायला त्यांना वेळ लागे, पण त्या पुस्तिकेत भिंतीचा काप काढून दाखवलेला होता. भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड दर दोन फूट उंचीवर आणि चार-चार फुटांवर बसवलेला, कोपऱ्यात दोन्ही भिंतींना धरून ठेवणारे सांधे, दारा-खिडक्यांवरून घराभोवती फिरणारी काँक्रीटची पट्टी, आणि माळवदावरची माती कमी केलेली. त्यांनी ती पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून थापी-ओळंब्याच्या झोळीत ठेवली. पुढची सतरा-अठरा वर्षे ती झोळीत होती. पानांच्या कडा सिमेंटने कडक झाल्या होत्या आणि आरपार दगडाच्या चित्रावर बोटाचा ठसा उमटून उमटून तिथला कागद काळा पडला होता. घरमालक आरपार दगडाचा खर्च नको म्हणाला की ते वाद घालत नसत, पुस्तिका उघडून ते चित्र पुढे करत. आज ती पुस्तिका माझ्याकडे आहे. तशी दुसरी प्रत मी जिल्ह्यातल्या अनेक ग्रंथालयांत शोधली, एकाही ठिकाणी मिळाली नाही.

सभासद हो, हे माझ्या मनातले मुख्य दुःख आहे. भूकंपानंतर मराठवाड्यात एवढे शिकवले गेले, एवढे छापले गेले, आणि ते जपून ठेवण्याची जागा गावात नव्हती म्हणून ते हरवले. त्याच काळात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने शेकडो गावांतील महिला संवाद सहायक झाल्या. घर कसे मजबूत करायचे, सरकारी मदत कशी घ्यायची आणि गवंड्याकडून काम कसे तपासून घ्यायचे हे त्या इतर बायकांना सांगत. त्यातल्या कितीतरी जणी आज साठी-सत्तरीच्या आहेत. त्यांचे अनुभव ऐकून कोणी वहीत उतरवले आहेत का? कमी मजबुतीच्या दगडी बांधकामाला भूकंपात टिकाव धरता यावा म्हणून भारतीय मानक ब्युरोने १९९३ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या इंग्रजीत आहेत. आपल्याकडच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलांकडून त्यांचा सोप्या मराठीत, चित्रांसह सारांश करून घेणे एका ग्रंथालयाला अवघड असेल, पण तालुक्यातल्या दहा ग्रंथालयांनी मिळून ठरवले तर ते एका सुट्टीत होण्यासारखे आहे.

आपत्ती म्हणजे फक्त पूर किंवा भूकंप नव्हे, हे मराठवाड्याला सांगायला नको. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर प्रवास करून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा तर आपण सगळेच होतो. पहिल्या फेरीत दहा वाघिणींमधून पाच लाख लिटर पाणी आले होते. त्या उन्हाळ्यात मी मुलांकडून शाळेच्या छपराचा हिशेब करून घेतला. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी मिळते. तीस चौरस मीटरचे पत्र्याचे लहानसे घर आणि वर्षाचा सातशे मिलिमीटर पाऊस धरला, गळती-बाष्पीभवनाचे वीस टक्के वजा केले, तरी सोळा हजार आठशे लिटर पाणी त्या छपरावरून वाहून जाते. दोन हजार लिटरची एक टाकी भरून ठेवली तर पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकासाठी, माणशी पाच लिटर धरून, ऐंशी दिवस पुरते. मुलांना हा आकडा खरा वाटेना. त्यांनी पन्हाळीखाली बादली लावून मोजून पाहिले आणि मग विश्वास ठेवला. छपरावरचे पाणी टाकीत घेताना पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाहेर सोडायचे, पन्हाळीला उतार किती द्यायचा, टाकीच्या तोंडाला जाळी कशी बसवायची, वाळू-कोळसा-खडीची गाळणी कोणत्या क्रमाने भरायची आणि पिण्याआधी ते पाणी उकळायचे का, हे सगळे करणे घरच्या घरी जमते, पण एकदा तरी शेजारी पुस्तक उघडे ठेवून करावे लागते.

बियाण्याचेही तसेच. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून मराठवाड्यात तक्रारींचा ढीग लागला आणि कितीतरी शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. गोणपाटाचा ओला तुकडा, त्यावर दहा-दहा बियांच्या दहा ओळी, वर दुसरा ओला तुकडा, दोन्हींची सैलसर गुंडाळी करून सावलीत ठेवणे, ओल टिकवणे आणि आठवडाभराने मोड आलेले दाणे मोजणे, इतकी ती चाचणी सोपी आहे. शंभरातले सत्तर उगवले तर बियाणे पेरणीयोग्य, त्याहून थोडे कमी असेल तर एकरी प्रमाण वाढवायचे, फारच कमी असेल तर ते पेरायचेच नाही. मे महिन्यात ग्रंथालयाच्या ओसरीवर ज्याने त्याने आपली गुंडाळी चिठ्ठी लावून ठेवावी आणि आठ दिवसांनी सगळ्यांनी मिळून मोजावी, एवढा एक उपक्रम जरी झाला तरी त्या कपाटाचे मोल गावाला कळेल. मला तर वाटते की सुरुवात इथूनच करावी, कारण यात शेतकऱ्याचा त्याच हंगामात फायदा आहे.

कपाटात कोणती पुस्तके ठेवावीत याविषयी माझे मत स्पष्ट आहे. संकटकाळी एकट्याने जंगलात कसे तगावे, घरात धान्य आणि हत्यारे साठवून दार कसे लावून घ्यावे, अशा धर्तीचे परदेशी साहित्य आपल्याला फारसे उपयोगी नाही. आपल्याकडे स्वावलंबन म्हणजे शेजाऱ्यासकट तगणे. ज्या शिवारात इर्जिक घालून एका दिवसात एकाचे रान नांगरून दिले जात होते, तिथली तयारीही गावानेच करायची असते. म्हणून परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची प्रकाशने, आरोग्य व पाणीपुरवठा विभागांच्या पुस्तिका, विजेची घरगुती दुरुस्ती, सुतारकाम, नळकाम, शिवणयंत्र आणि सायकल दुरुस्ती, धान्य साठवण, प्रथमोपचार, आणि मुलांसाठी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणारी पुस्तके घ्यावीत. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि खेड्यातली मुले वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज, आरोग्य ही कामे हाताने करत विज्ञान शिकू लागली. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक शाळांमध्ये शिकवला गेला. तसे साहित्य ग्रंथालयात आले तर शाळा सोडलेल्या मुलालाही ते मिळेल.

छापील पुस्तकांत नसलेले ज्ञान गावाच्या वहीत यावे. ही वही म्हणजे साधी दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. नळयोजनेचे व्हॉल्व्ह कुठे कुठे पुरले आहेत, कोणत्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असते आणि तिचा व्यास-खोली किती, कोणता हातपंप केव्हा दुरुस्त झाला आणि त्यात काय बदलले, पुराचे पाणी कोणत्या वर्षी कोणत्या पायरीपर्यंत आले, अंथरुणाला खिळलेली माणसे, गरोदर बायका आणि अपंग व्यक्ती कोणत्या घरांत आहेत, कोणाकडे दोर, ट्रॅक्टर, ट्यूब, जनरेटर आहे, पोहता कोणाला येते, हे सारे तीत असावे आणि दर वर्षी मृगाच्या आधी ते तपासून घ्यावे. शेवटची काही पाने म्हाताऱ्या माणसांसाठी ठेवावीत. माझ्या सासूबाई जोंधळा बळदात भरण्याआधी दाणा दाताखाली फोडून पाहत. कट् आवाज आला तरच तो वाळला असे समजत, नाहीतर आणखी दोन उन्हे देत. मग कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि गोवऱ्यांची चाळलेली राख थराथराने घालून बळद वरून लिंपून घेत. त्यांनी ते कधी लिहिले नाही, आणि विचारून लिहून घ्यायचे मलाही सुचले नाही. राखेचे प्रमाण किती होते हे आता मला सांगता येत नाही.

हत्यारांबाबत आपल्या मनात शंका येईल की ती परत येतील का. पुस्तके परत येतात त्याच रीतीने येतील. नोंदवहीत नाव, तारीख आणि सही, सात दिवसांची मुदत आणि थोडी अनामत. पान्यांचा एक संच, पाइप पाना, पकड, टेस्टर, मल्टिमीटर, करवत, कानस, हातड्रिल, पहार, जाड दोर, कप्पी, एक चांगला टॉर्च आणि प्रथमोपचाराची पेटी एवढ्यावर सुरुवात करता येते. एकेका घराला मल्टिमीटर विकत घेणे परवडत नाही आणि वर्षातून दोनदाच तो लागतो. शंभर घरांत मिळून एक असला तर पुरतो. बुडालेल्या मोटारींसाठी तालुक्याच्या ग्रंथालयाने एक मेगर, म्हणजे वाइंडिंगचा विद्युतरोध मोजणारे यंत्र, ठेवावा. गेल्या पुरानंतर आमच्या शिवारात मोटारी वर काढून एक दिवस उन्हात ठेवल्या आणि वीज येताच चालू केल्या, त्यामुळे कितीतरी जणांचे वाइंडिंग जळाले. चार-पाच दिवस वाळवून, मेगर लावून, निदान एक मेगाओहम रोध दाखवला तरच बटण दाबायचे, हे माहीत असते तर एकेका घराचे हजारो रुपये वाचले असते.

मर्यादाही त्याच कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या असाव्यात, असा माझा आग्रह आहे. डीपी, खांब आणि तुटलेली तार यांना लाइनमनशिवाय कोणीही हात लावायचा नाही. साप चावला तर पुस्तक उघडत बसायचे नाही, जखम कापायची नाही, आवळपट्टी बांधायची नाही, चावलेला अवयव फार हलू न देता माणसाला थेट प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यायचे. विहिरीत उतरून मोटार काढताना इंजिन आत चालवायचे नाही, कारण त्या धुराने माणूस वर यायच्या आत जातो. स्वतः काय करू नये हे ठाऊक असणे हादेखील स्वावलंबनाचा भाग आहे.

हल्ली सगळे मोबाईलवर सापडते, असे आपल्यापैकी काही जण म्हणतील. मीही मोबाईलवर पाहून शिवणयंत्राचा ताण दुरुस्त केला आहे आणि त्याचा उपयोग मान्य करते. मात्र आमच्या गावात त्या तीन दिवसांत टॉवर दुसऱ्या सकाळीच बंद पडला आणि सगळ्यांचे फोन संध्याकाळपर्यंत विझले. शिवाय चित्रफितीत सांगणाऱ्याला आपली काळी माती, भेगा पडणारा पाया, आपल्या विहिरी ठाऊक नसतात. ग्रंथालय साहित्यासाठी असते, असेही कोणी म्हणेल. साहित्य मलाही प्रिय आहे, आणि एकाही कादंबरीची जागा काढून घ्या असे मी म्हणत नाही. निजामाच्या राजवटीत मराठी वाचनालये ही आपल्याकडे लोकजागृतीची ठिकाणे होती, आणि महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ या कायद्याखाली आज आपण चालतो तो "सार्वजनिक" या शब्दाच्या बळावर. ज्या गवंड्याने, मोटार मेकॅनिकने, शेतमजूर बाईने आजवर ग्रंथालयाची पायरी चढली नाही, ती माणसे या कपाटासाठी येतील. आली की शेजारच्या कपाटातले पुस्तकही घरी नेतील. बायकांना दुपारी दोन ते चार या वेळेत ग्रंथालय उघडे मिळाले तर फार बरे होईल, कारण पाणी, धान्य आणि आजारपण ही कामे बहुतेक घरांत त्यांच्याकडे असतात आणि संध्याकाळी त्यांना बाहेर पडता येत नाही.

पैशाचा विचार मी केला आहे. सरकारी पुस्तिका बहुतांश विनामूल्य मिळतात, त्या मागवून, पुठ्ठा बांधून, दाखल नोंदवहीत क्रमांक देऊन ठेवणे एवढेच काम आहे. हत्यारांसाठी गावात वर्गणी जमते, आम्ही विचारून पाहिले आहे. आणि शिकवणारे मिळतात. प्रत्येक तालुक्यात निवृत्त वायरमन, आरोग्यसेविका, आयटीआयचे निदेशक आहेत, आणि महिन्यातून एक संध्याकाळ देण्यास ते नाही म्हणणार नाहीत.

आमच्या ग्रंथालयाच्या पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्यावा, असा लेखी अर्ज मी सचिवांकडे दिला आहे. ज्या मंडळांना हे पटेल त्यांना वडिलांच्या पुस्तिकेची छायाप्रत, विहिरीच्या गणिताचा तक्ता आणि हातपंपाच्या डोक्याचे मी काढलेले चित्र देण्यास मी तयार आहे. मूळ पुस्तिका मी आमच्याच कपाटाला देणार आहे, तिच्या जोडीला वडिलांचा ओळंबा आणि थापीही देईन. हातपंपाच्या साखळीचे दोन बोल्ट नटासह मी आणून ठेवले आहेत. कपाट तयार झाले की एक तिथे ठेवायचा आहे आणि दुसरा शाळेजवळच्या पंपाच्या झाकणाला आतून तारेने बांधून ठेवायचा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका व आजीव सभासद,
तालुका औसा, जिल्हा लातूर